आधी टायर, मग रिम: हौशी मोटरस्पोर्टच्या गाडीला चाकाचं माप कसं निवडावं

जागतिक रॅली अजिंक्यपद स्पर्धेतली गाडी मातीच्या रॅलीत १५ इंची रिमवर धावते आणि डांबरी रॅलीत १८ इंची रिमवर. गाडी तीच, चालक तोच, माप मात्र रस्त्याप्रमाणे बदलतं. फॉर्म्युला वनच्या गाड्या २०२१च्या मोसमापर्यंत १३ इंची रिमवर धावल्या, २०२२पासून १८ इंची आल्या. म्हणजे एकेकाळी लहानशा कौटुंबिक गाडीला जेवढ्या व्यासाची रिम असायची, तेवढ्याच व्यासाच्या रिमवर जगातल्या सर्वांत वेगवान सर्किट गाड्या कित्येक वर्षं धावत होत्या. नवख्या माणसाने चाकं निवडायला बसण्यापूर्वी हे नक्की लक्षात घ्यावं, कारण मोठी रिम म्हणजे वेगवान गाडी हा समज बहुतेकांच्या मनात पक्का बसलेला असतो आणि पहिली चूक तिथूनच होते.

रस्त्याला चिकटतं ते रबर. रिमचं काम एवढंच की ते रबर नीट ताणून धरायचं, ब्रेकला जागा द्यायची आणि होईल तितकं हलकं राहायचं. म्हणून हा सगळा लेख एका क्रमावर उभा आहे: आधी टायर ठरवा, मग त्या टायरला साजेशी रिम शोधा. उलट क्रमाने गेलेली किती तरी माणसं मी पाहिली आहेत. सुंदर रिम्स हाती येतात, आणि मग कळतं की त्या मापात स्पर्धेचं चांगलं रबर कुणी बनवतच नाही.

पायरी १: गाडीवर आज काय आहे ते लिहून काढा

टायरच्या बाजूवर, म्हणजे साइडवॉलवर, माप छापलेलं असतं. उदाहरणासाठी माझदा एमएक्स-५ या पहिल्या पिढीच्या छोट्या दोन-आसनी गाडीचं मूळ माप घेऊ: १८५/६० आर १४. हौशी रेसिंगमध्ये जगभर ही गाडी खूप वापरली जाते, त्यामुळे उदाहरणाला बरी. १८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे साइडवॉलची उंची, पण मिलिमीटरमध्ये नाही, तर रुंदीच्या टक्क्यांत. १४ म्हणजे रिमचा व्यास इंचात. पूर्ण चाकाचा बाहेरचा व्यास असा काढायचा: १८५चे ६० टक्के म्हणजे १११ मिमी. साइडवॉल वर एक आणि खाली एक, म्हणून २२२. त्यात १४ इंच, म्हणजे ३५५.६ मिमी, मिळवले की ५७७.६ मिमी.

हा बाहेरचा व्यास वहीत ठळक लिहून ठेवा. पुढचं जवळजवळ प्रत्येक गणित याच्याशी ताडून पाहायचं आहे.

रिमचं माप तिच्या मागच्या बाजूला किंवा आऱ्याच्या आतल्या अंगाला कोरलेलं किंवा ओतलेलं असतं. याच गाडीची मूळ रिम १४ × ५.५, ईटी ४५, पीसीडी ४ × १००, मधलं भोक ५४.१ मिमी. यातले ५.५ इंच म्हणजे जिथे टायरची कड बसते त्या दोन जागांमधलं अंतर. रिम बाहेरून या कडेपासून त्या कडेपर्यंत मोजली तर साधारण एक इंच जास्त भरते. पट्टीने बाहेरून मोजून "माझी रिम साडेसहाची आहे" असं म्हणणारे अनेक भेटतात, त्यांच्यात तुम्ही नसावं. ईटी, पीसीडी वगैरेंचा अर्थ पुढे येईलच.

पायरी २: नियम वाचा

हे काम कंटाळवाणं आहे, पण पैसे खर्च होण्याआधी उरकायचं. ज्या गटात उतरायचं त्याच्या नियमांत चार गोष्टी शोधा: रिमचा व्यास आणि रुंदी किती बदलता येते, ऑफसेट (म्हणजेच ईटी) किती बदलता येतो, टायर कोणत्या प्रकारचा चालतो, आणि टायर फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, बाहेर डोकावलेला चालतो का. काही गटांत मूळ रुंदीच ठेवावी लागते. तसं असेल तर निम्मा निर्णय तिथेच झाला. नियमात काय म्हटलंय ते स्वतः वाचा. पॅडॉकमध्ये, म्हणजे स्पर्धेच्या गाड्या उभ्या असतात त्या आवारात, कुणी सांगितलेला नियम बऱ्याचदा मागच्या मोसमाचा असतो.

पायरी ३: गाडी कशावर धावणार?

मातीवर, खडीवर धावणार असाल तर उंच साइडवॉल हवी. दगडावर आदळल्यावर रिम आणि दगड यांच्यामध्ये जे काही उरतं ते साइडवॉलच असतं. इथे १४ किंवा १५ इंची रिम, अरुंद पण उंच टायर, आणि चाकाच्या कमानीत चिखल साठला तरी टायर घासणार नाही एवढी मोकळी जागा, हे सूत्र. बर्फावर तर मुद्दाम अरुंद टायर घालतात. सैल बर्फ कापत तो खालच्या टणक थरापर्यंत पोचतो.

डांबरी ट्रॅकवर गणित बदलतं. तिथे साइडवॉल आखूड असली की स्टिअरिंग फिरवताच गाडी ऐकते, कारण मधलं रबर आधी वाकण्यात वेळ घालवत नाही. पण ट्रॅकच्या कडेचे जमिनीलगतचे दातेरी कठडे (कर्ब) तुडवायचे असतील, किंवा डांबर जुनं, उखडलेलं असेल, तर फार आखूड साइडवॉल गाडीला उड्या मारायला लावते. उडालेलं चाक पकड देत नाही.

ऑटोक्रॉस, म्हणजे शंकूंमधून एकेका मिनिटाच्या फेऱ्या, हा तिसरा प्रकार. इथे टायर तापायला वेळच मिळत नाही, वेग दुसऱ्या गिअरच्या आसपास राहतो आणि गाडी सतत इकडून तिकडे वळत असते. ट्रॅकवरच्या वीस मिनिटांच्या सत्रात याच्या उलट, टायर जास्त तापून मऊ पडतो आणि पकड सोडतो. एकाच गाडीला या दोन खेळांसाठी वेगळी रुंदी शोभते.

पायरी ४: टायर निवडा

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्या.

प्रथम रबर. स्पर्धेच्या टायरांमध्ये एक ट्रेडवेअर आकडा छापलेला दिसतो. आकडा जितका लहान, तितकं रबर साधारणपणे मऊ, चिकट आणि लवकर झिजणारं. अनेक हौशी गटांत कमीत कमी २०० अशी अट असते. योकोहामा अ‍ॅडव्हान ए०५२ किंवा ब्रिजस्टोन पोटेंझा आरई-७१आरएस हे त्या आकड्याचे टायर. टोयो प्रॉक्सेस आर८८८आरचा आकडा १००. मात्र हा आकडा टायर बनवणारी कंपनी स्वतःच चाचणी करून ठरवते, त्यामुळे दोन कंपन्यांचे २०० सारखे धरू नका. तुमच्याच वजनाच्या गाडीवर, तुमच्याच खेळात कोणता टायर चालतोय ते विचारा.

आता त्या टायरची उपलब्ध मापं पाहा. इथेच खरी गंमत कळते. १४ इंचात स्पर्धेचे टायर फार थोडे उरले आहेत. १५ इंचात १९५/५०, २०५/५० आणि २२५/४५ ही मापं हलक्या गाड्यांच्या शर्यतींमुळे टिकून आहेत. १७ इंचात २२५/४५ आणि त्याहून रुंद अशी पुष्कळ निवड असते, पण तो टायर हलक्या गाडीला जड पडू शकतो. एमएक्स-५च्या ठरावीक मापाच्या शर्यतीत मूळ १४ सोडून १५ × ७ची रिम आणि २०५/५० आर १५ टायर वापरतात ते यामुळेच. बाहेरचा व्यास काढून पाहा: २०५चे ५० टक्के १०२.५, दुप्पट २०५, त्यात ३८१ मिळवले की ५८६ मिमी. मूळ ५७७.६पेक्षा जेमतेम दीड टक्का जास्त. गाडी सव्वाचार मिमी वर उचलली जाईल, एवढंच.

रुंदी किती घ्यावी? नवखा माणूस म्हणतो, मावेल तेवढी. थोडं थांबा. समजा एका चाकावर २५० किलो भार आहे आणि टायरमध्ये २ बार हवा आहे. हवेनेच सगळा भार पेलला असं धरलं, तर जमिनीला टेकलेलं क्षेत्र साधारण १२० चौरस सेंटिमीटर येतं. टायर १८ सेंमी रुंद टेकला तर हा ठसा पावणेसात सेंमी लांब असेल, २० सेंमी टेकला तर सहाच्या आसपास. साइडवॉलचा ताठपणाही थोडा भार घेतो, त्यामुळे आकडे तंतोतंत नाहीत, पण मुद्दा पक्का आहे: रुंद टायरने ठशाचं क्षेत्रफळ फारसं वाढत नाही, आकार बदलतो. आडवा आणि आखूड ठसा वळणात लवकर पकड घेतो. शिवाय रबर जास्त असल्याने उष्णता वाटली जाते आणि टायर लांब सत्रात टिकतो. हे फायदे खरे आहेत. पण हलक्या गाडीवर फार रुंद टायर घातला की तो एका मिनिटाच्या फेरीत तापतच नाही, आणि थंड स्पर्धा-टायर म्हणजे निम्मी पकड वाया. वजन आणि हवेचा अडथळाही वाढतो. इंजिन लहान असेल तर सरळ रस्त्यावर ते जाणवतं.

माझं मत विचाराल तर पहिल्या संचासाठी मूळ रुंदीपेक्षा एक किंवा दोन पायऱ्या वर, त्याहून जास्त नको. १८५ होता तर १९५ किंवा २०५. टायर ताणला गेला की काय होतं, गाडी मागून कशी सुटते, हे शिकायला मध्यम पकड फार उपयोगी पडते.

बाहेरचा व्यास आणि गिअर यांचं नातंही इथेच तपासा. लहान व्यासाचं चाक म्हणजे प्रत्येक गिअर थोडा आखूड झाला: ओढ वाढते, पण गिअर लवकर संपतो. समजा इंजिन ७,००० फेऱ्यांपर्यंत जातं, दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर १.९ आणि फायनल ड्राइव्हचं ४.१. दोन्हींचा गुणाकार ७.७९, म्हणजे चाक मिनिटाला सुमारे ८९९ फेरे घेतं. २०५/५० आर १५चा परीघ १.८४ मीटर धरला तर दुसऱ्या गिअरमध्ये ताशी ९९ किमीला मर्यादा येते. २०५/५० आर १६ घातला तर तीच मर्यादा १०३ ते १०४ किमीवर जाते. भाराने चाक थोडं चपटं होतं म्हणून प्रत्यक्षात दोन्ही आकडे किंचित कमी भरतील, पण फरक तेवढाच राहील. ज्या ऑटोक्रॉसमध्ये सर्वांत वेगवान जागी ताशी १०१ किमी वेग येतो, तिथे हा फरक गिअर बदलायला लावतो किंवा वाचवतो. आपल्या गाडीचे आकडे घालून हे गणित एकदा कागदावर कराच.

चारही चाकांना ओढ असलेल्या गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांचा व्यास सारखाच ठेवा, अर्धवट झिजलेले आणि कोरे टायर मिसळू नका. नाहीतर मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणारा गिअरसंच, सतत घासत राहतो आणि तापून बिघडतो. एबीएसही चारही चाकांच्या वेगाची तुलना करत असतो, तोही गोंधळतो.

पायरी ५: रिमचा व्यास, म्हणजे ब्रेकला मावेल अशी लहानात लहान

टायर ठरला की व्यास बहुधा ठरलेलाच असतो. दोन पर्याय उरले असतील तर लहान घ्या. कारण वजन कुठे बसलंय याला महत्त्व आहे. गाडी वेग घेते तेव्हा चाकाला पुढेही ढकलावं लागतं आणि फिरवावंही लागतं. टायरच्या अगदी बाहेरच्या कडेला असलेला एक किलो वेग घेताना गाडीत ठेवलेल्या दोन किलोंइतका जड पडतो. १५ इंची रिमच्या पिंपावर (टायर बसतो त्या गोल भागावर), म्हणजे केंद्रापासून १९ सेंमीवर, असलेला एक किलो साधारण १.४ किलोइतका. हबजवळचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाजवळचा, एक किलो जेमतेम एकच. रिम मोठी केली की धातू बाहेरच्या बाजूला सरकतो आणि बहुतेक वेळा वाढतोही. वर, चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं, त्यामुळे खड्डा आला की जड चाकाला परत जमिनीवर आणायला शॉक-अ‍ॅब्झॉर्बरला जास्त झगडावं लागतं.

लहान रिमला अडवतो तो ब्रेक. मोठी डिस्क, मोठा कॅलिपर (डिस्कला चिमटीत धरणारा भाग) असेल तर १५ची रिम बसणारच नाही. इथे अंदाज चालत नाही. ब्रेक संचाच्या बऱ्याच निर्मात्यांकडे खऱ्या मापाचा छापील आराखडा मिळतो. तो पुठ्ठ्यावर चिकटवून कापायचा आणि रिमच्या आत फिरवून पाहायचा. आराखडा नसेल तर उसनी रिम मिळवा, कॅलिपरच्या बाहेरच्या तोंडावर आणि वरच्या पाठीवर मुलांच्या खेळण्यातली क्ले लावा, रिम बसवून हाताने हळूच फिरवा, काढा आणि दबलेल्या क्लेची जाडी व्हर्नियरने मोजा. आऱ्यापासून कमीत कमी ३ मिमी मोकळे हवेत. रिमच्या आत चिकटवलेली बॅलन्सची वजनंही ध्यानात घ्या. क्ले चाचणीत ती नसतात, नंतर कॅलिपर ती खरवडून काढतो आणि चाक थरथरायला लागतं.

एक बारकावा: रिम कॅलिपरच्या पाठीवर अडतेय की आऱ्यांवर, ते पाहा. पाठीवर अडत असेल तर व्यास वाढवल्याशिवाय इलाज नाही. आऱ्यांवर अडत असेल तर त्याच व्यासाची, आतून जास्त खोलगट आऱ्यांची दुसरी रिम चालून जाते.

पायरी ६: रिमची रुंदी

प्रत्येक टायर-मापाला रिमच्या रुंदीची एक मान्य श्रेणी असते. २०५/५० आर १५ला ती ५.५ ते ७.५ इंच आहे, १९५/५० आर १५ला ५.५ ते ७, २२५/४५ आर १७ला ७ ते ८.५. टायरच्या निर्मात्याच्या तक्त्यात ती मिळते. डांबरावर धावणाऱ्या गाडीने या श्रेणीच्या वरच्या टोकाकडे झुकावं. रुंद रिम साइडवॉलला दोन्ही बाजूंनी सरळ उभी धरते, वळणात टायर रिमखाली दुमडत नाही. अरुंद रिमवर रुंद टायर फुगलेल्या पिशवीसारखा डुलतो. माझा ठाम सल्ला असा की ६ इंची रिमवर २०५ घालण्यापेक्षा ७ इंची रिमवर १९५ घाला.

खडीवर मात्र मधली रुंदी बरी. तिथे टायरची फुगीर बाजू रिमच्या कडेला दगडापासून वाचवते.

टायरवर २०५ लिहिलं म्हणून तो २०५च भरेल असं नाही. या मापाचा टायर ६.५ इंची रिमवर प्रमाण मापाने २१४ मिमी भरतो, आणि रिम अर्धा इंच रुंद केली की टायर सुमारे ५ मिमी आणखी पसरतो. जागा मोजताना हाच आकडा घ्या.

पायरी ७: ऑफसेट

ईटी म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून, जिथे रिम हबला टेकते तो पृष्ठभाग किती मिलिमीटर बाहेर आहे. आकडा मोठा तितकं चाक गाडीच्या आत, आकडा लहान तितकं बाहेर. गणित सोपं आहे. रिमची रुंदी मिमीमध्ये घ्या, निम्मी करा. त्यात ईटी मिळवला की हबपासून आतली बाजू, वजा केला की बाहेरची.

आपलंच उदाहरण घेऊ. जुनी रिम १४ × ५.५, ईटी ४५. निम्मी रुंदी ६९.८५. आत ११४.८५, बाहेर २४.८५. नवी रिम समजा १५ × ७, ईटी ३५. निम्मी रुंदी ८८.९. आत १२३.९, बाहेर ५३.९. म्हणजे नवी रिम आतल्या बाजूला ९ मिमी आणि बाहेरच्या बाजूला २९ मिमी सरकली. आता गाडीखाली जाऊन जुना टायर आणि स्ट्रट (चाकाच्या आतल्या बाजूचा शॉक-अ‍ॅब्झॉर्बरचा खांब) यांच्यात किती जागा आहे ते मोजा. ९ मिमी गेल्यावर आणि रुंद टायरचा फुगवटा वजा केल्यावर निदान ६ मिमी उरायला हवेत. उरत नसतील तर ईटी लहान घ्या. बाहेरच्या बाजूसाठी फेंडरच्या कडेवरून ओळंबा सोडा आणि टायरची बाजू त्याच्या किती आत आहे ते पाहा.

पण उभ्या गाडीवरचं माप अपुरं असतं. चाक वर दाबलं जातं, वळतं, आणि जोराच्या वळणात टायर आडवाही सरकतो. खरी तपासणी अशी: गाडी भक्कम स्टँडवर घ्या, त्या कोपऱ्याची स्प्रिंग काढा, अँटी-रोल बारचा दुवा सोडा, आणि जॅकने चाक वर-वर उचलत थेट थांबक रबरापर्यंत न्या. प्रत्येक दोन-तीन सेंटिमीटरला स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. पुढच्या फेंडरमागचं प्लास्टिक अस्तर, ब्रेकचा नळ, एबीएसची वायर आणि फेंडरची आत दुमडलेली पत्र्याची कड, या चार जागा नीट पाहा. ही तपासणी मी माझ्या पहिल्या संचाच्या वेळी केली नव्हती. तिसऱ्या फेरीनंतर टायरच्या आतल्या बाजूला स्ट्रटने घासलेली चकाकती रेघ दिसली. आणखी दोन-चार फेऱ्यांत ती कापडापर्यंत पोचली असती. बाहेरून गाडी अगदी व्यवस्थित दिसत होती. तेव्हापासून प्रत्येक नव्या संचानंतर पहिल्या फेरीला मी टायरच्या आतल्या बाजूवर हात फिरवतो.

ईटी फार लहान करण्याचा मोह टाळा. चाकं बाहेर काढली की गाडी रुंद, रुबाबदार दिसते आणि थोडी स्थिरही होते, पण किंमत मोजावी लागते. पुढचं चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष जमिनीला जिथे टेकतो आणि टायरचा मध्य जिथे असतो, त्यातलं अंतर बदलतं. परिणामी स्टिअरिंग जड होतं, पुढच्या चाकांना ओढ असलेली गाडी जोर लावताच हात खेचते, आणि ब्रेक दाबताना एका चाकाखाली वाळू आली तर गाडी त्या बाजूला किंवा उलट झटका देते. हबच्या बेअरिंगवरचा तरफेचा ताणही वाढतो.

स्पेसर, म्हणजे हब आणि रिम यांच्यामधली चकती, वापरावाच लागला तर हबच्या उंचवट्यावर घट्ट बसणारा घ्या आणि त्या जाडीइतके लांब स्टड (नट चढतो ते आटे असलेले दांडे) बसवा. एम१२, म्हणजे १२ मिमी जाडीच्या, स्टडवर नट कमीत कमी १२ मिमी चढायला हवा. दीड मिमी आट्याच्या स्टडला म्हणजे पूर्ण आठ फेरे. सहा फेऱ्यांत घट्ट होत असेल तर ते चाक ट्रॅकवर नेऊ नका.

पायरी ८: पीसीडी, मधलं भोक, नटाची बैठक

पीसीडी म्हणजे स्टड ज्या काल्पनिक वर्तुळावर आहेत त्याचा व्यास. चार स्टड असतील तर समोरासमोरच्या दोघांच्या केंद्रांमधलं अंतर थेट मोजा. पाच असतील तर शेजारच्या दोघांच्या केंद्रांमधलं अंतर मोजून १.७०१ने गुणा: ६७.२ मिमी आले तर ११४.३. ४ × ९८ आणि ४ × १००, किंवा ५ × ११२ आणि ५ × ११४.३ डोळ्यांना सारखेच वाटतात, नटही दोन-चार फेरे चढतात. जबरदस्तीने बसवलेलं चाक स्टडला वाकवून ठेवतं आणि वाकलेला स्टड एक दिवस तुटतो.

रिमचं मधलं भोक हबच्या उंचवट्यापेक्षा मोठं असेल तर मध्ये कडं लागतं, म्हणजे चाक बरोबर मध्यावर बसतं. ब्रेक लालबुंद तापणार असतील तर प्लास्टिकचं कडं वितळतं. अ‍ॅल्युमिनियमचं घ्या.

नटाची बैठक शंकूसारखी, गोलसर किंवा सपाट असते. रिमला जी बैठक आहे तोच नट हवा. गोलसर बैठकीत शंकूचा नट फक्त एका रेषेवर टेकतो, घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि मग सैल होतो.

पायरी ९: वजन आणि मजबुती

विक्रेत्याच्या वजनावर विसंबू नका, स्वतःचा काटा घेऊन जा. चाकं ओतीव असतात, ओतल्यावर पिंपाचा भाग दाबून ताणलेली असतात, किंवा घडीव असतात. याच क्रमाने तेवढ्याच मजबुतीला ती हलकी होत जातात आणि महाग होत जातात. नवख्या माणसाला मधला प्रकार पुरून उरतो. मातीवर धावणाऱ्याने हलकेपणाचा हट्ट सोडावा. पोलादी रिम वाकते, ठोकून पुन्हा वापरता येते. हलकी अलॉय रिम तडकते, आणि तडकलेल्या रिममधली हवा एका क्षणात जाते.

रिमच्या मागे जेडब्ल्यूएल, व्हीआयए अशा (जपानी दर्जा-चाचणीच्या) खुणा आणि किलोमध्ये भारक्षमता पाहा. गाडीच्या जड आसावर कागदोपत्री जास्तीत जास्त जितकं वजन येऊ शकतं, त्याच्या निम्म्यापेक्षा ही क्षमता कमी नसावी. नामांकित रिमची हुबेहूब नक्कल, पण ना खूण ना आकडा, अशी चाकं रस्त्यावर मिरवायला कुणी घेत असेल तर घेवो. कठड्यांवर आदळणाऱ्या गाडीला ती लावू नका. इथे माझ्याकडून कुणालाही सूट नाही, कारण ताशी १४० किमीला तुटलेल्या चाकानंतर चालकाच्या हातात काहीच उरत नाही.

जुन्या रिम्स घेत असाल तर धुऊन, उन्हात धरून पाहा. तडे बहुधा आतल्या पिंपावर आणि आऱ्यांच्या मुळाशी असतात. वेल्डिंग करून दुरुस्त केलेली रिम घेऊ नका.

पायरी १०: बसवल्यावर

हबचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने गंज काढून साफ करा, नट ताऱ्याच्या क्रमाने, म्हणजे समोरासमोर, टॉर्क रेंचने गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याला कसा. पहिल्या ५० ते १०० किमीनंतर पुन्हा तपासा, आणि ट्रॅकच्या दिवशी प्रत्येक सत्रापूर्वी चाकं थंड असताना.

चाकं बदलली की गाडीची भूमिती, म्हणजे कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) आणि टो (वरून पाहता चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा), मोजून घ्या. मग माप बरोबर निवडलं का हे टायरलाच विचारायचं. साइडवॉल आणि ट्रेड (टायरचा जमिनीला टेकणारा भाग) जिथे मिळतात तिथे तीन जागी खडूने आडव्या रेघा मारा. बऱ्याच टायरांवर त्या जागी छोटा त्रिकोणही छापलेला असतो. एक फेरी मारून या. खडू त्रिकोणापर्यंत पुसला गेला तर टायर बरोबर वाकतोय. त्याच्याही खाली गेला तर हवा कमी आहे, किंवा रिम टायरला अरुंद पडतेय. आधी हवा वाढवून पुन्हा फेरी मारा. हवा वाढवूनही खडू खालीच पुसला जात असेल तर रिमच्या रुंदीचा विचार करा.

ट्रॅकच्या सत्रानंतर गाडी थांबताक्षणी सुईच्या तापमापकाने ट्रेडची आतली, मधली आणि बाहेरची जागा मोजा. मधली जास्त तापली तर हवा जास्त. दोन्ही कडा तापून मध्य थंड तर हवा कमी. बाहेरची कड खूप जास्त तापत असेल तर कॅम्बर कमी पडतोय. तिन्ही जागा एकसारख्या पण थंड, आणि गाडी तरीही घसरतेय, तर टायर तुमच्या गाडीच्या वजनाला रुंद आहे: पुढच्या वेळी एक पायरी अरुंद घ्या. तिन्ही जागा खूप तापून तिसऱ्या-चौथ्या फेरीलाच पकड सुटत असेल तर एक पायरी रुंद.

हे सगळे आकडे तारीख, हवेचं तापमान आणि डांबराचा प्रकार यांसह त्याच वहीत लिहा, जिच्या पहिल्या पानावर मूळ चाकाचा बाहेरचा व्यास लिहिला होता. दुसरा संच घ्यायची वेळ येईल तेव्हा दुकानात जाण्याआधी ती वही उघडायची.